नरड्याचं तोंड

आमच्या साडूंना साठ वर्षं पूर्ण होतायत. त्यानिमित्त घरातल्या प्रत्येकानं त्यांच्याबद्दल चार चांगल्या ओळी लिहायच्या, असं आमच्या बायकोनं फर्मान काढलं आहे. चार ओळी मी एका दमात लिहून टाकतो. माणूस सज्जन आहे. खोटं बोलत नाही. चहाचा कप स्वतः विसळतो. माझ्या धाकट्या मेहुणीला त्यानं आजवर एकदाही रडवलेलं नाही. झाल्या चार. आता उरलेलं खरं लिहितो. हा माणूस माझ्या डोळ्यांत खुपतो.

दुकान माझं आहे, हे आधी नीट ध्यानात घ्या. लांबट, निमुळतं, आत शिरताना उजव्या हाताला रस्ता आणि डाव्या हाताला आंधळी भिंत. दारातून आत आलं की पहिला अर्धा भाग माझा. दोर, कड्या, कमरपट्टे, हेल्मेटं, पाण्यात न भिजणाऱ्या पिशव्या. मग बिलाचं टेबल. टेबलामागचा अर्धा भाग साडूंचा, आणि तिथं नुसती पुस्तकं. डोंगर चिरत गेलेल्या अरुंद घळींमध्ये वरून दोरानं उतरायचं, वाटेतले डोह पोहायचे आणि खालून बाहेर पडायचं, असा एक वेडेपणा आहे. त्या वेडेपणावर आमची दोन घरं चालतात.

अशा घळींच्या वाटा सांगणारी पुस्तकं मुळात थोडी छापतात, आणि संपली की पुन्हा कुणी छापत नाही. ती शोधून देणं हा साडूंचा धंदा. या पुस्तकांना ते ‘वाटाडे’ म्हणतात. “दादा, वरच्या फळीवरचा तो जाडा वाटाड्या जरा खाली घ्या ना,” असं ते एकदा म्हणाले, तर एक नवीन गिऱ्हाईक दचकून छताकडे बघायला लागलं. वरच्या फळीवरचं मलाच काढावं लागतं, कारण साडूंना उंचीची भीती वाटते. स्टुलावर चढले की त्यांचे पाय लटपटतात. उभ्या आयुष्यात हा माणूस एका घळीत उतरलेला नाही, आणि घळींबद्दल सगळं जग विचारणार त्यांना! मी गुडघा कामातून जाईपर्यंत उतरत होतो. मला लोक विचारतात, “हा दोर दुसऱ्या रंगात आहे का?”

पूर्वी ते बस कंपनीच्या हरवलेल्या सामानाच्या कचेरीत होते. खिडकीपलीकडे रडवेली माणसं, अलीकडे हे. ती सवय त्यांनी इथं आणली. कुणी पुस्तक मागितलं की नाव विचारायचं सोडून विचारतात, “शेवटचं कुठं पाहिलंत?” एकदा एक दातांचे डॉक्टर आले. त्यांना पिवळ्या पाठीचा एक वाटाड्या हवा होता. नाव आठवेना, लेखक आठवेना.

“शेवटचं कुठं पाहिलंत?”

“मित्राच्या घरी. संडासात.”

“मित्र आता कुठं असतात?”

“गेला बिचारा.”

“अरेरे. मग घर कुणी आवरलं?”

असं करत करत साडू त्या मित्राच्या बहिणीपर्यंत पोचले, बहिणीकडून रद्दीवाल्यापर्यंत आणि रद्दीवाल्याकडून एका न्हाव्याच्या दुकानापर्यंत. तिथं गिऱ्हाइकांना वाचायला ठेवलेल्या मासिकांखाली तो पिवळा वाटाड्या होता. डॉक्टरांनी साडूंना मिठीच मारली. त्याच घळीसाठी त्यांनी माझ्याकडून दोरही नेला. जीव टांगणार माझ्या दोराला आणि मिठ्या मारणार पुस्तकवाल्याला! त्या दिवशी माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की मी दुपारचं जेवलो नाही. साडूंनी विचारलं, “दादा, बरं नाही का?” म्हटलं, दात दुखतोय.

इथपर्यंतही मी चालवून घेतलं असतं. पण मग मुलीची गोष्ट आली.

आम्हाला एकच मुलगी. एका जागी दोन मिनिटं टिकत नाही, म्हणून लहानपणापासून तिला भिंगरी म्हणतो. साडूंना आणि मेहुणीला मूल नाही. भिंगरी शाळेतून सुटली की घरी न जाता दुकानात यायची. माझ्या दोरांमधून वाकून, माझ्या टेबलाखालून सरपटत सरळ मागे. तिथं खाली मांडी घालून ती काकांचे वाटाडे वाचत बसे. दोर कसा बांधायचा, गाठ कशी मारायची, कडी कशी तपासायची, हे सगळं तिला मी शिकवलं. पण गोष्टी काका सांगायचे. कधीही न पाहिलेल्या घळींच्या गोष्टी! आणि वर काकांना अहो-जाहो आणि मला अरे-तुरे. “काका, तुम्ही सांगा ना.” “ए बाबा, तू मध्ये बोलू नकोस.” मान काय तो त्यांना. बापाला म्हणे पुढे जावयाचा मत्सर वाटतो. माझ्यावर ती वेळ यायच्या आधीच मावशीच्या नवऱ्यानं नंबर लावला होता.

भिंगरी मोठी झाली, नोकरीला लागली आणि सुट्टीच्या दिवशी घळीत उतरायला लागली. त्यात तिनं एक खूळ घेतलं. आमच्याकडच्या मंडळींत ‘नरडं’ म्हणून एक घळ बदनाम आहे. इतकी अरुंद की दोन्ही खांदे एकदम घासतात. वर आभाळाची चिंधी दिसते. वर्षानुवर्षं तिच्यात कुणी गेलं नव्हतं. मधे एक डोह आहे, त्याचं पाणी एका शिळेखाली ओढलं जातं, आणि तो एकाच कडेनं ओलांडता येतो, एवढं सगळे सांगायचे. कोणती कड, ते कुणालाच माहीत नव्हतं. वरून उतरताना मागचा दोर ओढून घेतला की माघार नाही, त्यामुळे कड चुकली तर संपलंच. नरड्यावर म्हणे एकच पुस्तक निघालं होतं, तेही लेखकानं स्वतः छापलेलं. ते काही कुणाला मिळत नव्हतं.

“काका, तुम्ही शोधाल ना?” भिंगरीनं विचारलं. मी समोर उभा होतो. हातात दोराचं वेटोळं होतं. मला विचारावं असं तिच्या मनातही आलं नाही.

मीही शोधायचं ठरवलं. गाजावाजा न करता, एकटाच. जुन्या ओळखीच्या एका डोंगरवाल्याकडे गेलो, तर तो म्हणाला, “तुमचे साडू कालच येऊन गेले. काय माणूस आहे हो!” ग्रंथालयातल्या बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही त्यांचे साडू का? बसा ना!” मला खुर्ची मिळाली तीसुद्धा त्यांच्या पुण्याईवर. तिसऱ्या ठिकाणी मी साडू असल्याचं सांगितलंच नाही, तर त्यांनी ‘नाही’ म्हणून दारच लावून घेतलं.

अर्थातच पुस्तक साडूंनाच सापडलं. बंद पडलेल्या एका वसतिगृहात, कपाट डुगडुगू नये म्हणून त्याच्या पायाखाली घातलेलं होतं. भिंगरी दुकानात नाचली. खरंच नाचली, माझी दोन हेल्मेटं खाली पडली. पुस्तक कसलं, शिवलेली काही पानं. वाक्यं तारेतल्यासारखी तुटक. ‘तोंड. डोह, पोहून. कडा. मधला डोह. डावी कड धरावी. उजवी पुढे तुटते, गेलेला परतत नाही. कडा. डोह, पोहून. आभाळ.’

त्यानंतरच्या संध्याकाळी मला आयुष्यात विसरायच्या नाहीत, म्हणजे विसरता येणार नाहीत. मागच्या भागात दिवा, खाली सतरंजी, दोघांची डोकी एका पानावर. साडू वाटाड्या पाठ करून घ्यायचे. “मधला डोह?” “डावी कड!” “उजवी?” “तुटते!” आणि मग दोघं हसायचे. मी पुढे बसून तिच्यासाठी काढलेला नवा दोर हातभर हातभर चाचपत होतो. “भिंगरे, कमरपट्टा घालून बघितलास का?” “हो रे बाबा.” मान वर न करता.

त्यातल्याच एका रात्री जेवताना मला सुचलं. पुस्तक त्यांनी आणलं ना? मग मी लेखक आणतो. जिवंत असला तर.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापखान्याचं नाव होतं. छापखाना गेला होता, पण मालकाची सून त्याच जागेत शिवणाचं दुकान चालवत होती. तिनं सासऱ्यांना फोन लावून दिला, आणि सासऱ्यांनी पत्ता सांगितला. लेखक जिवंत होते! गावाबाहेरच्या नव्या इमारतींत मुलाकडे राहत होते. भलताच उंच म्हातारा, कानानं कमी, पण पायानं ठणठणीत. मी नरड्याचं नाव काढल्याबरोबर त्यांनी बूट चढवले. “चला,” म्हणाले. कुठं जायचं तेही विचारलं नाही. पूर्ण रस्ताभर मी मनातल्या मनात साडूंचं तोंड बघत होतो.

दुकानात शिरल्यावर झालं काय? मी म्हटलं, “भिंगरे, बघ कोण आलंय! हे नरड्याचे लेखक. मी शोधून आणले.” भिंगरी धावत आली, पाया पडली, आणि पहिलं वाक्य म्हणाली, “आजोबा, हे माझे काका, यांनी तुमचं पुस्तक शोधलं.” आजोबांचे डोळे भरून आले. त्यांनी साडूंचे दोन्ही हात धरले आणि सोडेचनात. माझ्या गाडीत बसून आलेला माणूस! मी चहा सांगायला बाहेर गेलो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

परत आलो तर आजोबा दारात उभे होते. भिंगरीनं त्यांना सांगितलं होतं, नरड्याची वाट इथंच चालून दाखवा. “हे तोंड,” ते दारावर हात ठेवून म्हणाले आणि आत निघाले. माझ्या दोरांमधून हात मारत पोहल्यासारखे गेले. हेल्मेटांच्या मांडणीपाशी टाचा उंचावून म्हणाले, “कडा.” बिलाच्या टेबलापाशी थांबले. “हा मधला डोह. इथं डावी कड.” त्यांनी डावा हात टेबलाच्या त्या बाजूला टेकवला, भिंतीकडच्या. मग आणखी एक कडा, आणखी एक डोह, आणि साडूंच्या फळ्यांपाशी जाऊन हात वर केले. “आणि इथं आभाळ!”

भिंगरी मागे, आभाळापाशीच उभी होती. ती म्हणाली, “पण आजोबा, आम्ही इथून सुरुवात करणार. वरून.”

“वरून?” आपल्याला नीट ऐकू आलं नाही, असं आजोबांना वाटलं. “वर जाणार कसे? वर रस्ता कुठाय?”

“आता झालाय. गाडी जाते.”

“मग तोंडातून कधी शिरणार?”

“तोंडातूनच तर शिरणार! वरचं तोंड.”

“अगं पोरी,” आजोबा म्हणाले, “घळीला वर तोंड नसतं. पाणी जिथून बाहेर पडतं ते तोंड. आम्ही खालून वर चढायचो.”

भिंगरी फळ्यांपासून टेबलापर्यंत चालत आली आणि तिनं डावा हात टेकवला. दाराच्या दिशेनं तोंड करून. तिचा हात पडला टेबलाच्या रस्त्याकडच्या बाजूला. आजोबांनी परत येऊन आपला डावा हात होता तिथंच ठेवला. दोन डावे हात, टेबलाच्या दोन बाजूंना. मधला डोह दोन्हीकडून मधलाच, कडे दोन्हीकडून कडेच, पुस्तक उलटं धरूनही सरळच वाचलं जात होतं. एक ती कड सोडून.

साडू मटकन स्टुलावर बसले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. “मी तिच्याकडून पाठ करून घेतलं,” म्हणाले. “डावी, डावी. रोज. मीच.”

पोर त्याच रविवारी जाणार होती. पण त्या धास्तीच्या मागोमाग दुसरी गोष्ट आली, आणि ती मी लपवत नाही. मला बरं वाटलं. साडू चुकले होते. सगळ्या दुनियेसमोर नाही, पण निदान माझ्या टेबलासमोर तरी चुकले होते.

हा आनंद जेवणापर्यंतही टिकला नाही. बायको वाढता वाढता म्हणाली, “नशीब हो, भावोजींनी पुस्तक शोधलं होतं. त्यावर छापखान्याचं नाव होतं म्हणून तर आजोबा सापडले.” मेहुणी म्हणाली, “खरंच.” मी घास तोंडाशी नेऊन थांबलो. साडूच मधे पडले. “नाही, दादांनी माणूस आणला म्हणून,” ते म्हणाले, आणि ताटातलं तसंच ठेवून उठले. भिंगरीनं मला विचारलं, “ए बाबा, तू एवढा कशासाठी गेलास रे त्यांना शोधायला?” मी खरं तेच सांगितलं, “तुझ्या काकाला दाखवायला.” सगळे खो-खो हसले. आयुष्यात एकदा मनातलं बोललो, तर तो विनोद ठरला.

रविवारी भिंगरी आणि तिचे दोन सोबती पहाटे वरच्या रस्त्यानं गेले. मी खाली नरड्याच्या तोंडाशी जाऊन थांबणार होतो. साडू आपणहून गाडीत येऊन बसले. “खालून कसली भीती,” म्हणाले. पण तिथं पोचल्यावर त्यांनी एकदा मान वर करून त्या कड्याकडे पाहिलं आणि खालीच बसले. मग ते एका दगडावर आणि मी दुसऱ्यावर. आतून गार वारा येत होता. पाणी मुकाट बाहेर येत होतं. त्यांचे ओठ हलत होते. मी कान देऊन ऐकलं. “उजवी, उजवी, उजवी,” असं चाललं होतं. मीही तेच म्हणत होतो, फक्त मनात.

ऊन कलायला लागलं तेव्हा आतून आवाज आले. आधी हसणं, मग पाण्याची खळबळ, मग पिवळं हेल्मेट. माझं हेल्मेट, माझ्या दुकानातलं. भिंगरी गुडघाभर पाण्यातून धावत आली, ओठ निळे पडलेले, आणि ओरडली, “काका! उजवीच! अहो, डावी कड चार पावलांवर तुटलीय, मी डोळ्यांनी बघितली!” आणि ती सरळ त्यांच्याकडे गेली. जाता जाता दोराची ओली पिशवी तिनं माझ्या हातांवर लोटली. मग हेल्मेट. मग एका पायावर उभी राहून एक बूट, मग दुसरा. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुढे काकांचे हात धरून ती बोलत सुटली, कडा कसा, डोह कसा, आभाळाची चिंधी कशी, आणि मी बाजूला खुंटीसारखा उभा. पोर जिवंत आली होती, मला रडू येत होतं, आणि तरीही मला राग आला होता. दोन्ही एकदम येऊ शकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

ती कपडे बदलायला गाडीकडे गेली. साडू माझ्याकडे बघत राहिले. माझ्याकडे म्हणजे माझ्या हातांकडे. पिशवीतलं पाणी माझ्या शर्टावरून पँटमध्ये उतरत होतं.

“तुमचं बरं आहे, दादा,” ते म्हणाले.

“माझं? माझं काय बरं आहे? बातमी तुम्हाला आणि ओझं मला!”

“बातमी काय, कुणालाही सांगतात.” त्यांनी माझ्या हातातल्या पिशवीकडे बोट केलं. “लहानपणापासून मांडीवर वाढली, पण मला अजून अहो काका, तुम्ही. पाहुण्याच्या हातात कुणी ओला दोर देतं का?”

मी त्यांच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं हा माणूस माझ्या दुकानात मागे बसून तिचं ते ‘ए बाबा’ ऐकत होता. मी ज्यावर जळत होतो तेच त्यांना सलत होतं. आणि वर हे सांगितलंही कसं? दोन वाक्यांत. मला ते आयुष्यात जमलं नसतं. त्याचाही मला हेवा वाटला.

“द्या इकडे,” त्यांनी हात पुढे केले. “मी धरतो जरा. जड असेल.”

“नको,” मी म्हटलं आणि पिशवी छातीशी आणखी आवळली. “काही जड नाही.”

हात पुढे तसेच राहिले होते त्यांचे. शेवटी एक बूट दिला. दुसरा मी माझ्याकडेच ठेवला.